टेंडरवाले आम्ही चौघं

परवा जालन्यात नव्या कारखानदार पोरांचा एक मेळावा झाला. विषय होता, 'छोट्या धंदेवाल्यांनी सरकारी काम कसं मिळवावं'. मला बोलायला बोलावलं होतं. का, तर मी भोकरदनला पत्र्याचं वर्कशॉप चालवलं आणि सत्तरच्या दशकात सरकारला बादल्या, पेट्या, टाक्या विकल्या. मी उभा राहिलो, माइक हातात घेतला आणि लक्षात आलं, की सल्ला म्हणावा असं माझ्याकडे काहीच नाही. किस्से मात्र पोत्यानं!

सरकारी कामाचं असंच असतं. बिल सावकाश निघतं, किस्सा रोखीत मिळतो. माणूस हापिसात एका सहीसाठी जातो. सही राहते बाजूला, संध्याकाळी तो किस्सा घेऊन घरी येतो. दुसऱ्या दिवशी परत त्याच सहीसाठी जातो, परत एक किस्सा. अशा एकेका सहीपायी आमच्याकडे केवढा साठा झाला असेल, तुम्हीच बघा.

तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता. आमचं मोठं हापीस औरंगाबादला आणि छोटं तालुक्याला. कोणतं हापीस ते विचारू नका. नाव सांगितलं नाही, तर सगळ्याच हापिसांना ते आपलंच वाटेल!

त्या छोट्या हापिसाबाहेर लिंबाचं झाड होतं आणि झाडाखाली एक बाकडं. त्यावर आम्ही चौघं बसायचो. एक मी, दामू पत्रेवाला. दुसरे रशीदभाई पेंटर. बोर्ड आणि भिंती रंगवायचे, अक्षर असं की बघत राहावं. तिसरा उत्तम हिवराळे. सुतारकामात हात बसलेला आणि मॅट्रिक पास, त्यामुळे सगळ्यांचे फॉर्म तोच भरायचा. चौथा देवराव, आमच्यात वयानं मोठा. घरी मेंढरं, स्वतःचा धंदा घोंगड्यांचा. सहीपुरतं लिहायला यायचं, बोलायला मात्र भरपूर.

आणि आत, खिडकीशी, पेशकारसाहेब. त्यांचा खरा हुद्दा हेडक्लार्क. पण निजामाच्या वेळचा शब्द त्या खुर्चीला असा चिकटला होता, की जो बसेल तो पेशकार. चष्मा कायम कपाळावर. नियम वाचायचा असला तरच तो खाली यायचा.

*

माझं पहिलं टेंडर शाळांच्या बादल्यांचं. तालुक्यात पत्र्याचं काम करणारा मी एकटाच, म्हणून टेंडरही एकटंच. पेशकारसाहेबांनी माझा लखोटा न फोडताच परत दिला.

"एका टेंडरवर काम देता येत न्हाई. स्पर्धा पाहिजे. कमीत कमी तीन."

"साहेब, पण तालुक्यात दुसरा पत्रेवालाच न्हाई."

"ती तुमची अडचण आहे. स्पर्धा घेऊन या!"

स्पर्धा कुठून आणायची? बाकड्यावरून! मी रशीदभाईंना गळ घातली. त्यांनी डोळे मिटून असा भाव टाकला, की त्या भावात चांदीची बादली आली असती. मग देवरावकडे वळलो.

"मला बकेटीतलं काय कळतंय रे दामू?"

"कळायचं कारणच न्हाई दादा. तुम्हाला परवडंल असा भाव टाका अन् सही करा."

उत्तम त्या दिवशी टेंभुर्णीला गेल्ता. म्हणून देवरावनं बाजारात एका ओळखीच्या मास्तरांकडून कागद भरून घेतला. दुसऱ्या दिवशी लखोटे फुटले. सगळ्यात कमी भाव देवरावचा! बादल्यांचं काम घोंगडीवाल्याला!

मी पळत त्याच्याकडे गेलो. "दादा, हे काय करून बसलात?"

देवराव शांत. "तूच म्हणला ना, परवडंल असा भाव टाक? मला बकेट करायचीच न्हाई दामू. मला कोणताही भाव परवडतो!"

शेवटी बादल्या मीच केल्या, देवरावच्या नावानं आणि देवरावच्या भावानं. वर तो रोज वर्कशॉपात यायचा, एखादी बादली उचलायचा, कडी हलवून बघायचा आणि म्हणायचा, "माल बराबर पाहिजे बरं का. माझं नाव आहे त्याच्यावर!"

*

मोठ्या हापिसात खरेदीचे एक साहेब होते. खुर्च्यांचं टेंडर निघालं, की ते प्रत्येकाकडून सॅम्पल मागवायचे. सॅम्पल म्हणजे एक अख्खी खुर्ची. उत्तम दर वर्षी एक खुर्ची करायचा, पॉलिश मारायचा, यष्टीच्या टपावर बांधून औरंगाबादला न्यायचा. साहेब तिच्यावर बसायचे, पाठ टेकायचे, "वा!" म्हणायचे. काम दुसऱ्याला जायचं. सॅम्पल परत यायचं नाही.

एकदा साहेबांच्या बंगल्याचं दार फुगलं. उत्तम मोठ्या हापिसात आलाच होता, तर त्यालाच रंधा घेऊन पाठवलं. दार तासून झालं. बाईसाहेबांनी चहाला आत बोलावलं.

आत बघतो तर गोल करून खुर्च्या मांडलेल्या. एक कन्नडच्या सुताराची, एक पैठणच्या, एक सिल्लोडच्या. एकीचा मेळ दुसरीशी नाही. तीन खुर्च्या उत्तमच्या स्वतःच्या! आणि सगळ्या खुर्च्यांच्या मधोमध मोकळी फरशी.

उत्तम आपल्याच खुर्चीवर अवघडून बसला. बाईसाहेबांच्या ते लक्षात आलं.

"ही तुम्ही केलेली का? फार छान बसते हो. पण आम्ही अजून खालीच जेवतो बघा." चहाचा कप त्याच्या हातात देत त्या जवळ झुकल्या. "मी म्हणते, तुमच्याकडं टेबलाचं टेंडर निघत नाही का कधी?"

*

आमच्या भागात तेव्हा नारू फार. विहिरीत उतरून पाणी भरायचं, ते तसंच प्यायचं, मग पायातून दोऱ्यासारखा तो किडा निघायचा. माणूस महिना महिना खाटेला. सरकारनं मोहीम काढली. गावोगावच्या भिंतींवर लिहायचं, 'पाणी गाळून प्या, नारू टाळा'.

काम रशीदभाईंना मिळालं. दर अक्षराप्रमाणे.

पहिल्या गावाचं बिल घेऊन रशीदभाई खिडकीशी गेले. पेशकारसाहेबांचा चष्मा खाली आला. "हे एवढं कसं? तुम्ही काना, मात्रा, वेलांटी, सगळंच धरलंय. दर अक्षराचा आहे. काना म्हणजे अक्षर न्हाई."

"साहेब, पण कान्याला पण रंग लागतो. ब्रश तेवढाच फिरतो."

"लागत असंल. टेंडरमध्ये अक्षर म्हटलंय. कानामात्रा आम्हाला मंजूर न्हाईत."

रशीदभाई "बिलकुल ठीक," म्हणाले आणि डबे सायकलला अडकवून टेंभुर्णीच्या रस्त्याला लागले.

आठवड्यानं आमच्या छोट्या हापिसाचे मुख्य, बीडीओसाहेब, यांची जीप त्या भागात गेली. एका गावात विहिरीजवळ बायकांची ही गर्दी. सगळ्या पदर तोंडाला लावून हसून राह्यल्या. भिंतीवर रशीदभाईंचं ते टपोरं, सुरेख अक्षर:

'पण गळन प्य, नर टळ'

साहेबांनी तिथल्या नर्सबाईंना विचारलं, "काय प्रकार आहे हा?"

नर्सबाईंनी हसू दाबलं. "पहिली ओळ कुणालाच कळली न्हाई साहेब. पण दुसरी मी वाचून दाखवली, तर बाया म्हणाल्या, सरकारनं पहिल्यांदाच आमच्या मनातलं लिहिलं!"

रशीदभाईंना बोलावणं गेलं. साहेब टेबलावर हात आपटत म्हणाले, "कानामात्रा कुठे आहेत?"

"मंजुरीला पडून आहेत, साहेब. इथंच, पेशकारसाहेबांच्या टेबलावर. मिळाल्या की नेऊन लावतो!"

*

दुष्काळात पाण्याच्या टाक्यांचं टेंडर निघालं. मी भरलं. माणसं खडी फोडायच्या कामावर, बायका घोटभर पाण्यासाठी कोसभर लांब, आणि माझी टाकी सँक्शनला. रोज जाऊन विचारायचो. आज साहेब दौऱ्यावर, उद्या फाइल औरंगाबादला. मी आपला पत्रा आणून ठेवला, रात्रंदिवस धाकधूक.

दुष्काळ सरला. पाऊस झाला. नदीला पूर आला, माझ्या वर्कशॉपात पाणी शिरलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून आम्ही पत्रा वर उचलत होतो, आणि तेवढ्यात पोस्टमन पाण्यातूनच पत्र घेऊन आला.

'समाधानकारक पाऊस झाल्याने टाक्यांची आवश्यकता उरलेली नाही. तथापि आपला दर किफायतशीर असल्याने पुढील दुष्काळाच्या वेळी आपला अवश्य विचार करण्यात येईल.'

*

उत्तमनं एकदा ठरवलं, खुर्च्यांचा नाद पुरे. शाळांच्या बाकांचं मोठं टेंडर निघालं होतं, ते भरायचं. पण त्याला अट होती, आधी सरकारला बाकं पुरवल्याचा दाखला पाहिजे.

उत्तम खिडकीशी गेला. "साहेब, पहिलं काम मिळाल्याबिगर दाखला मिळत न्हाई. अन् दाखल्याबिगर पहिलं काम मिळत न्हाई. मंग सुरुवात करायची कुठून?"

पेशकारसाहेबांनी मनापासून विचार केला. माणूस वाईट नव्हता, अडचण खरी आहे हे त्यांनाही पटलं.

"असं करा हिवराळे," ते म्हणाले, "तुम्ही एकदम दुसऱ्या कामापासून सुरू करा!"

*

उत्तमनं सोडलं नाही. गावच्या मंदिराला एक बाक करून दिला होता, त्याचाच दाखला आणला, साहेबांना भेटला, अट शिथिल करून घेतली. आता फक्त लखोटा पेटीत टाकायचा. शेवटचा दिवस, दुपारी पेटी बंद होणार.

पण शहरातल्या एका मोठ्या ठेकेदाराला ते काम पाहिजे होतं. त्याची चार माणसं सकाळपासून पेटीच्या दारात उभी. टेरिकॉटच्या पँटी, तोंडात पान. कोणी लखोटा घेऊन आला, की त्याला प्रेमानं खांद्यावर हात टाकून फाटकाबाहेर सोडून यायची. आत सगळ्यांना दिसत होतं. पण आतल्या सगळ्यांनी त्या दिवशी फायलीत मान घातली होती.

उत्तम पुढे झाला. त्यातला एक जण त्याला नीट न्याहाळून म्हणाला, "हिवराळे का? आधी तुमच्या लोकांनी बाकावर बसायला शिकावं. बनवायचं मंग बघू."

उत्तम परत येऊन बाकड्यावर बसला. मग म्हणाला, "माझ्या बापाला शाळेत पायरीवर बसवायचे. वर्गाच्या बाहेर. तिथून ऐकून ऐकून तो बाराखडी शिकला. ह्या टेंडरात त्या शाळेचं पण नाव आहे, दामूभाऊ. मी भाव एकदम तळाचा टाकलाय. मला कमवायचं न्हाई ह्याच्यात."

देवराव उठला. "येतो जरा," म्हणाला आणि नदीकडे निघून गेला. मला वाटलं, म्हाताऱ्याला बघवलं नाही.

थोड्या वेळानं धूळ दिसली. मग आवाज. देवरावच्या घरचा अख्खा कळप! मेंढरं फाटकातून आत आली, व्हरांड्यात चढली, दारात घुसली. देवराव मागून काठी घेऊन "हॅर्र, हॅर्र" ओरडत होता. हाकलत होता की आत ढकलत होता, ते देवालाच ठाऊक. टेरिकॉटवाले आधी भिंतीला चिकटले, मग टेबलावर चढले. एक मेंढा त्यातल्या पानवाल्याशी शिंगं लावून खेळायला लागला. त्या सगळ्या लोकरीत उत्तम खाली वाकला, दिसेनासा झाला, आणि पेटीजवळ वर आला.

पेशकारसाहेब खुर्चीवर उभे राहून ओरडले, "ह्यांना आत यायला सांगितलं कुणी?"

देवरावनं हात जोडले. "खुलं टेंडर हाये म्हणून कळलं, साहेब!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पेटी उघडली. बीडीओसाहेबांनी उत्तमचा लखोटा हातात घेतला, उलटा केला, कपाळाला आठी घातली.

"ह्याच्यावर दोन सीलं कशी?"

पेशकारसाहेबांनी चष्मा खाली घेतला. जवळून पाहिलं. वास घेतला. "साहेब," ते म्हणाले, "त्यातलं एक लाखेचं आहे."

काम उत्तमला मिळालं. पहिली बाकं त्याच शाळेत गेली. उत्तम बापाला घेऊन गेला, आम्ही पण होतो. म्हातारा दारात थबकला, मग आत आला. बाकावरून हात फिरवला, हळूच टेकला. बसल्या बसल्या त्यानं दाराकडे पाहिलं.

"हितून कुणी उठवणार न्हाई ना रे?"

"न्हाई बाबा," उत्तम म्हणाला. "सरकारी बाक आहे. हलवायचा म्हटलं तरी सँक्शन लागतं!"

*

आणीबाणीत नवे साहेब आले. वेळेवर यायचे. चहा घ्यायचे नाहीत, पान घ्यायचे नाहीत, दौऱ्यावर गेले तर डबा घरून न्यायचे. सगळं हापीस घाबरलं! काम कसं चालायचं, हेच कुणाला कळेना.

त्यांनी पहिली फाइल काढली ती मुलांच्या बोर्डिंगला घोंगड्या पुरवायची. लांबलांबच्या वाड्यांवरची गरीब पोरं तिथं राहायची. देवरावचा भाव सगळ्यात कमी. माल घरच्या मेंढरांचा, विणकर ओळखीचे. फक्त एक अट उरली होती. साहेबांनी ती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली: 'घोंगडी उबदार असावी. उबदारपणाची खात्री समितीने प्रत्यक्ष करावी.'

आता ही फाइल निघाली भर उन्हाळ्यात. देवराव म्हणाला, "साहेब, हातात घेऊन बघा की. लोकर हाये."

"नाही. प्रत्यक्ष म्हणजे प्रत्यक्ष!"

दुपारी, बाहेर पाखरूसुद्धा नाही, पंखा बंद करून समिती बसली. मधे साहेब, एका बाजूला पेशकारसाहेब, दुसऱ्या बाजूला बोर्डिंगचे गुरुजी. तिघंही डोक्यावरून घोंगड्या घेऊन! आम्ही खिडकीतून बघत होतो. आतून घामाच्या धारा. गुरुजी डोलायला लागले. एका म्हातारीनं दारातून हे पाहिलं, चपला बाहेर काढल्या आणि लांबूनच नमस्कार करून गेली.

शेवटी देवरावनं विचारलं, "साहेब, उबदार हाये का न्हाई?"

घोंगडीच्या आतून साहेबांचा आवाज आला. "गरम होतंय. पण ते घोंगडीनं की हवेनं, हे सिद्ध होत नाही. हिवाळ्यात फेरतपासणी घेऊ."

फाइल बंद. दिवाळी झाली, थंडी पडली, समितीला काही तारीख मिळेना. एका सकाळी देवराव बोर्डिंगवरून चालला होता. पोरं भिंतीच्या उन्हाला एकमेकांना चिकटून बसलेली, अंगावर रिकामी पोती. देवराव घरी गेला, बैलगाडी जुंपली, घोंगड्या भरल्या आणि बोर्डिंगच्या वाटेला लागला.

रशीदभाईंनी रस्त्यात अडवलं. "दादा, ऑर्डर कुठंय? पैसा बुडंल तुमचा. काळ्या यादीत नाव जाईल."

"लेकरं कुडकुडून राह्यलीत रशीद. मला आणखीन कोणती ऑर्डर पाहिजे?"

समितीला अखेर तारीख मिळाली. साहेब थंडीत घोंगड्या तपासायला बोर्डिंगमध्ये गेले, तर पोरं आधीच पांघरून बसलेली! साहेब जागेवर ताठ झाले. हे त्यांच्या सगळ्या नोकरीत घडलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी देवरावला नोटीस आली: 'आपण सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी नसताना ऊब पुरविली, याबद्दल तात्काळ लेखी खुलासा करावा. अन्यथा आपले नाव काळ्या यादीत टाकण्यात येईल.'

आम्ही बाकड्यावर जमलो. देवरावचा सगळा माल अडकलेला, वर धंदा बंद व्हायची पाळी. उत्तमनं कागद घेतला आणि माफीचा चांगला लांब मजकूर वाचून दाखवला. देवराव मान हलवत राहिला. "हे माझं न्हाई. मी सांगतो ते लिही."

तो सांगत गेला, उत्तम लिहीत गेला. खाली देवरावनं जपून जपून सही केली. खुलासा आत गेला. साहेबांनी तो पेशकारसाहेबांना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला सांगितला. पेशकारसाहेबांनी चष्मा खाली घेतला आणि वाचलं:

"साहेबांस नमस्कार. चूक कबूल आहे. ऊब परत आणण्यासाठी मी स्वतः गाडी घेऊन गेलो होतो. परंतु लेकरं घोंगड्या सोडत नाहीत आणि माझ्याच्यानं त्या ओढवत नाहीत. तरी साहेबांनी पहाटे स्वतः येऊन, एकेकाच्या अंगावरून, प्रत्यक्ष ओढून घ्याव्यात, ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक, देवराव."